टेनिस बॉलवरून लेदर बॉलकडे: गोंदियातल्या नवख्या बॉलरने काय शिकावं आणि आधी काय विकत घ्यावं?

दिवाळी झाली, धान कापून घरी आलं की गोंदिया जिल्ह्यातल्या रिकाम्या बांध्यांमध्ये स्टंप ठोकले जातात. एकीकडे गावोगावी मंडईची तयारी सुरू असते, दुसरीकडे टेनिस बॉल टुर्नामेंटचे फ्लेक्स लागतात. तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत, गावात एखादा तरी पोरगा असा असतोच, ज्याच्या यॉर्करपुढे शेजारच्या गावाचे बॅट्समन टिकत नाहीत.

मग कुणीतरी म्हणतं, "अरे, तू लेदरवर ट्राय कर ना."

पोरगा जातो. पहिल्याच दिवशी दोन बॉल बॅट्समनच्या डोक्यावरून जातात, तीन नो-बॉल पडतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. घरून मागितलेले पैसे बॅटवर खर्च झालेले असतात आणि पायात जुनेच कॅनव्हास शूज असतात. महिनाभरात तो परत टेनिस बॉलकडे वळतो.

दोष त्याच्या टॅलेंटचा नसतो. बॉल बदलला की खेळ बदलतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

उमेश यादवच्या गोष्टीतून नेमकं काय घ्यायचं?

विदर्भात बॉलिंगचा विषय निघाला की उमेश यादवचं नाव येतंच. नागपूरजवळच्या खापरखेडा परिसरातली वलनी ही कोळसा खाणीची वसाहत. उमेशचे वडील तिथे खाण कामगार होते. वयाच्या १९-२० वर्षांपर्यंत उमेश टेनिस बॉलच खेळत होता. त्यानंतर त्याने लेदर बॉल हातात घेतला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध विदर्भाकडून रणजी पदार्पण केलं. पहिल्याच डावात ७५ धावांत ४ विकेट घेतल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून भारताच्या कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे ५७ कसोटींत त्याने १७० विकेट घेतल्या.

सोशल मीडियावर ही गोष्ट बहुतेक वेळा "टॅलेंट असलं की झालं" अशी सांगितली जाते. पण ती नीट वाचली तर वेगळं काही दिसतं. टेनिस बॉलने उमेशला वेग दिला. शिवण सरळ ठेवणं, टप्पा धरणं, दिवसभर स्पेल टाकणं हे त्याला लेदर बॉलवर नव्याने शिकावं लागलं.

म्हणजे टेनिस बॉलवर घालवलेली वर्षं वाया जात नाहीत. फक्त ती पुरेशी नसतात.

दोन्ही बॉलमध्ये इतका फरक काय?

साध्या टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं. टुर्नामेंटमध्ये वापरला जाणारा 'हार्ड टेनिस' त्याहून जड असतो. पुरुषांच्या क्रिकेटमधला लेदर बॉल मात्र १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे साध्या टेनिस बॉलच्या जवळपास पावणेतीन पट जड. महिलांच्या क्रिकेटमध्ये तो १४० ते १५१ ग्रॅमचा असतो आणि १३ वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा. त्यामुळे मुलीने किंवा लहान मुलाने सुरुवातीपासून मोठ्यांच्या बॉलने सराव करू नये. खांद्यावर नाहक ताण येतो.

वजनाशिवाय आणखी तीन गोष्टी बदलतात:

- उसळी: टेनिस बॉल रबरामुळे उंच उसळतो, म्हणून टेनिस क्रिकेटमध्ये बॉलर बहुतेक वेळा यॉर्कर किंवा फुलटॉसच्या आसपास टाकतो. लेदर बॉलवर खरी कमाई 'गुड लेंग्थ'वर होते. वेगवान बॉलरसाठी हा टप्पा बॅट्समनच्या स्टंपपासून साधारण ६ ते ८ मीटरवर असतो.
- शिवण: टेनिस बॉलला शिवण नसते. लेदर बॉलची शिवण उंचावलेली असते आणि हवेत स्विंग किंवा पिचवर हालचाल तिच्यामुळेच मिळते.
- शरीरावरचा ताण: टेनिस सामन्यात बॉलर एक-दोन ओव्हर टाकतो. लेदरच्या दिवसभराच्या सामन्यात तोच बॉलर १०-१५ ओव्हर टाकतो, तेही जड बॉलने.

सुरुवात कुठून करायची? आधी पकड

वेगवान किंवा मध्यमगती बॉलरसाठी पकड सोपी आहे. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर. बॉल बोटांत धरायचा, तळव्यात दाबायचा नाही. बॉल आणि तळवा यांच्यामध्ये थोडी फट दिसली पाहिजे.

टेनिस बॉलची सवय असलेले बॉलर लेदर बॉल मुठीत आवळतात. मग तो बोटांतून नीट सुटत नाही आणि हवेत शिवण लडबडत जाते.

घरच्या घरी करायचा सराव: बॉल त्याच पकडीत धरून बोटांच्या टोकांनी मागे फिरकी देत वर फेका आणि शिवण उभी राहते का ते बघा. रोज ५० वेळा. ती डुगडुगत असेल तर बहुधा एक बोट जास्त जोर लावतंय. जुन्या बॉलच्या शिवणीवर रंगीत टेप चिकटवला तर हे लगेच दिसतं.

स्विंग कसा होतो?

उजव्या हाताच्या बॅट्समनला आउटस्विंग टाकायचा असेल तर शिवणीचं तोंड पहिल्या स्लिपकडे ठेवायचं आणि चकाकता भाग लेगच्या बाजूला. इनस्विंगसाठी शिवण फाइन लेगच्या दिशेने आणि चकाकता भाग ऑफला. नवखा बॉलर दोन्ही एकदम शिकायला जातो आणि एकही धड जमत नाही. आधी शिवण सरळ ठेवून स्टंपवर बॉल टाकायला शिका. त्यानंतर एकच स्विंग निवडा.

बॉल पँटवर घासून चमकवता येतो, घामही चालतो. थुंकी मात्र चालत नाही. आयसीसीने २०२० मध्ये कोविडच्या काळात घातलेली ही बंदी २०२२ मध्ये कायम केली. आयपीएलने २०२५ मध्ये आपल्यापुरती ती उठवली, पण बाकी ठिकाणी ती आहे असंच धरून चालावं.

स्विंगच्या जोरावर काय होऊ शकतं, हे रजनीश गुरबानीने दाखवलं. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला हा बॉलर प्रचंड वेगासाठी ओळखला जात नव्हता. २०१७-१८ च्या रणजी मोसमात त्याने कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १२ विकेट घेतल्या आणि विदर्भाने तो सामना अवघ्या ५ धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदाच रणजी विजेता ठरला.

रनअप आणि नो-बॉलचं काय?

गावच्या मैदानावर क्रीज म्हणजे कधी राखेची रेष, कधी बॅटने ओढलेली खूण. तिथे पाय दोन इंच पुढे पडला तर कुणी फारसं बघत नाही. लेदर क्रिकेटमध्ये त्याची किंमत एक धाव आणि एक जादा बॉल असते. मर्यादित षटकांच्या बहुतेक सामन्यांत फ्री हिटही मिळते.

नियम दोन आहेत. पुढच्या पायाचा काही तरी भाग पॉपिंग क्रीजच्या मागे असला पाहिजे, मग तो हवेत असला तरी चालतो. मागचा पाय बाजूच्या रिटर्न क्रीजच्या आत पडला पाहिजे, तिला स्पर्श न करता.

रनअप ठरवायची सोपी पद्धत अशी:

१. पॉपिंग क्रीजवर उभं राहून बॅट्समनकडे पाठ करा आणि बॉलिंग टाकताना धावता तसं उलट दिशेने धावा.
२. जिथे सहज उडी घेऊन बॉल सोडावासा वाटतो, तिथे मित्राला खूण करायला सांगा.
३. असं ८-१० वेळा करा. बहुतेक खुणा एका जागी जमतात. तीच तुमच्या रनअपची सुरुवात.
४. ते अंतर पावलांनी मोजून लक्षात ठेवा आणि प्रत्येक वेळी त्याच पायाने सुरुवात करा.

खूप लांबून धावत आलं की वेग वाढतो, हा गैरसमज आहे. शेवटच्या पाच-सहा पावलांत तोल सांभाळता येत नसेल तर रनअप कमी करा.

ॲक्शन बदलायची का?

जसप्रीत बुमराहची किंवा मलिंगाची रील बघून तसंच टाकायचा मोह होतो. पण त्यांची ॲक्शन त्यांच्या शरीराला लहानपणापासून बसलेली आहे. तुमची नैसर्गिक ॲक्शन मोडू नका, फक्त तीन गोष्टी तपासा.

- कंबर आणि खांदे एका दिशेत आहेत का? मागचा पाय टेकतो तेव्हा दोन्ही आडवे असोत किंवा दोन्ही समोर, एवढंच बघायचं. कंबर समोर आणि खांदे आडवे अशा 'मिक्स्ड ॲक्शन'ने पाठीच्या खालच्या मणक्यांना पीळ बसतो.
- डोकं कुठे जातंय? बॉल सोडताना डोकं डावीकडे फार कलत असेल (उजव्या हाताच्या बॉलरचं), तर दिशा हरवते. नजर टप्प्यावर आणि डोकं शक्य तितकं सरळ.
- कोपर सरळ होतोय का? हात खांद्याच्या उंचीवर आल्यानंतर बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ करणं म्हणजे फेकणं. आयसीसीच्या नियमात आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी १५ अंशांपर्यंत सूट आहे. टेनिस क्रिकेटमध्ये जास्त वेगाच्या नादात फेकायची सवय लागते. ती लेदरवर लगेच पकडली जाते, म्हणून सुरुवातीलाच मोडावी.

हे तपासायला महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइलचं स्लो मोशन पुरेसं आहे. एक व्हिडिओ समोरून आणि एक बाजूने, दर पंधरा दिवसांनी. मागच्या व्हिडिओशी ताडून बघा आणि एका वेळी एकच दुरुस्ती हाती घ्या.

वेग नसेल तर?

मग स्पिन. आणि स्पिन म्हणजे दुय्यम पर्याय नव्हे. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या मोसमात डावखुरा स्पिनर हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या. एका रणजी मोसमातला हा विक्रम आहे.

ऑफस्पिनसाठी तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं, एकमेकांपासून लांब ठेवायचं आणि दाराची मूठ फिरवावी तसा बॉल उजवीकडे फिरवायचा. लेगस्पिनमध्ये मुख्य काम तिसऱ्या बोटाचं, म्हणजे अनामिकेचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अचूकतेची फार चिंता करू नका, बॉल जोरात फिरवायला शिका. नियंत्रण सरावाने येतं. सुरुवातीलाच बॉल नुसता 'ठेवायची' सवय लागली तर नंतर तो वळवणं अवघड जातं.

सामान: आधी काय घ्यायचं?

घरचं उत्पन्न धानावर असेल तर क्रिकेटच्या सामानाचे पैसे मागणं सोपं नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१. बूट. बॉलरचा पहिला आणि सगळ्यात मोठा खर्च यावरच व्हावा. वेगवान बॉलरचा पुढचा पाय प्रत्येक बॉलला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोराने आदळतो. तो धक्का घोटा, गुडघा आणि कंबर यांच्यापर्यंत जातो.

- सिमेंट किंवा मॅटिंग विकेटवर सराव असेल तर रबरी स्टडचे बूट घ्या. लोखंडी स्पाइक सिमेंटवर घसरतात आणि मॅट फाडतात.
- मातीच्या, गवताच्या टर्फ विकेटवर सामने असतील तर स्पाइक लागतात. पुढे स्पाइक आणि टाचेला रबर असलेले 'हाफ स्पाइक'ही मिळतात. वेगवान बॉलरने घोट्याला आणि टाचेला भक्कम आधार देणारेच निवडावेत.
- एकच जोड परवडत असेल तर जिथे जास्त दिवस खेळता, त्या विकेटनुसार घ्या.
- बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा. पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा हवी, नाहीतर पुढच्या पायाचं नख काळं पडतं. याच त्रासापायी काही मोठे वेगवान बॉलर बुटाच्या टोकाला भोक पाडून घेतात.
- वापरलेली बॅट चालेल, वापरलेले बूट नकोत. त्यांचा तळ दुसऱ्याच्या पायाप्रमाणे झिजलेला असतो.

२. बॉल. दुकानात 'टू-पीस' आणि 'फोर-पीस' असे दोन प्रकार मिळतात. टू-पीस म्हणजे कातड्याच्या दोन तुकड्यांचा, स्वस्त आणि सरावाला ठीक. सामन्याचा चांगला बॉल फोर-पीस असतो. भारतातले कसोटी आणि रणजी सामने मेरठच्या एसजी कंपनीच्या बॉलने खेळले जातात. त्याची हाताने शिवलेली शिवण जास्त उंच असते. नवख्याने एक फोर-पीस आणि दोन टू-पीस घ्यावेत. मित्रांनी मिळून घेतले तर आणखी परवडतात. घेताना शिवण सारखी आहे का आणि बॉल पूर्ण गोल आहे का, ते हातात फिरवून बघा.

३. सुरक्षेचं सामान. बॉलरलाही बॅटिंग करावी लागते. एल-गार्ड स्वतःचा हवा. पॅड, ग्लोव्हज आणि हेल्मेट सुरुवातीला टीममध्ये वाटून वापरता येतं, पण हेल्मेट डोक्याला घट्ट बसलं पाहिजे आणि त्यावर बीएस ७९२८:२०१३ या मानकाचा उल्लेख असावा. तडा गेलेलं हेल्मेट वापरायचं नाही. हेल्मेटशिवाय लेदर बॉलसमोर उभं राहायचं नाही, मग बॉलर कितीही ओळखीचा असो.

४. जे आत्ता नको: महागडी बॅट, पायाला बांधायची वजनं, जादा वजनाचे बॉल, वेग मोजायची यंत्रं. टप्प्याच्या सरावासाठी कोन लागत नाहीत, एक जुनं पोतं पुरतं. स्टंपपासून ६ ते ८ मीटरच्या मध्ये ते अंथरा आणि ३० पैकी किती बॉल त्यावर पडले ते वहीत लिहा. दोन महिन्यांनी ती वहीच तुमची प्रगती सांगेल.

किती टाकायचं? आणि कधी थांबायचं?

नवखे वेगवान बॉलर इथेच सगळ्यात जास्त चुकतात. १३ ते १८ या वयात हाडं वाढत असतात. या वयात फार बॉलिंग केली तर मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. बुमराहसारख्या बॉलरलाही पाठीच्या दुखापतीमुळे २०२२ चा टी-२० वर्ल्ड कप सोडावा लागला होता. त्याच्यामागे डॉक्टर आणि फिजिओंची फौज होती. गावातल्या पोराच्या मागे ती नसते.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वेगवान बॉलरसाठी बरीच वर्षं वापरलेली मर्यादा अंदाजासाठी उपयोगी आहे:

- १३ वर्षांपर्यंत: सलग ५ ओव्हर, दिवसात १०
- १४-१५ वर्षं: सलग ६ ओव्हर, दिवसात १२
- १६ ते १९ वर्षं: सलग ७ ओव्हर, दिवसात १८

टेनिसवरून नुकतेच लेदरवर आला असाल तर याच्या निम्म्यावर सुरुवात करा. आठवड्यात तीन दिवस बॉलिंग, मध्ये एक-एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशी पोट, पाठ आणि मांड्यांचे व्यायाम. रात्रीच्या टेनिस टुर्नामेंटमध्ये टाकलेल्या ओव्हरही हिशेबात धरा, शरीर त्या वेगळ्या मोजत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सराव सकाळीच उरकावा.

कंबरेच्या एका बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर ते वाढत असेल आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही जात नसेल, तर मालिश किंवा पेनकिलरवर वेळ काढू नका. बॉलिंग थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वेळेत थांबलेला बॉलर काही महिन्यांत परत येतो. दुखणं लपवून खेळणाऱ्याचा पूर्ण मोसम जाऊ शकतो, कधी करिअरही.

गोंदियातून पुढे कसं जायचं?

गोंदिया जिल्हा विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, म्हणजे व्हीसीएच्या कार्यक्षेत्रात येतो. तिचं मुख्यालय नागपूरला, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर. राज्य संघ वयोगटानुसार निवडले जातात आणि मुलींचे संघ वेगळे असतात. १६ वर्षांखालील गटात हाडांच्या एक्स-रेवरूनही वय तपासलं जातं, त्यामुळे वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ट्रायलची माहिती व्हीसीएकडून किंवा तिच्याशी संलग्न क्लबकडूनच घ्या. सोशल मीडियावर "निवड पक्की" म्हणत नोंदणीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या जाहिराती फिरत असतात. पैसे घेऊन निवडीची हमी देणारा माणूस फसवतोय, एवढं ध्यानात ठेवा. कुठल्याही लीगमध्ये पैसे भरण्याआधी तिला मान्यता आहे का, हे व्हीसीएकडे विचारा.

थोडक्यात

- टेनिस बॉलने वेग येतो, पण शिवण, टप्पा आणि क्रीज नव्याने शिकावी लागते.
- पहिला खर्च बुटांवर, दुसरा बॉलवर, तिसरा सुरक्षेवर. बॅट शेवटी.
- एका वेळी एकच दुरुस्ती. मोबाइलवर रेकॉर्ड करा, वहीत लिहा.
- ओव्हर मोजा. दुखणं लपवू नका.

आणि टेनिस बॉल सोडायची गरज नाही. धान निघाल्यावर बांधीत खेळायचंच. फक्त पुढच्या वेळी तिथेही क्रीजची रेष नीट आखा आणि पाय मागे ठेवा. नो-बॉलची सवय तिथेच लागते, आणि तिथेच मोडता येते.